सड्यावरची जनसुनावणी

४ डिसेंबर
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आज नोटीस लागली. सड्यावरच्या, म्हणजे आमच्या कातळपठारावरच्या, प्रस्तावित खाणीची पर्यावरणविषयक जनसुनावणी ६ जानेवारीला, सकाळी ११ वाजता. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं, ते पाळलंय. वर्तमानपत्रांतही जाहिरात आली म्हणे. आमच्या वाडीत वर्तमानपत्र येतच नाही.

११ डिसेंबर
खाणीचा पर्यावरण परिणाम अहवाल पाहायला जिल्ह्याला गेलो. अख्खा इंग्रजीत. मराठीत फक्त सारांश, कायद्याने तेवढाच सक्तीचा. त्यात आमचा सडा ‘पडीक जमीन’ या दोन शब्दांत उरकलाय. या कातळात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला मे महिन्यापर्यंत पुरतं. इंग्रजी अहवालातला पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता बोट ठेवून वाचला. विहिरी आहेत, झरा नाही.

१८ डिसेंबर
भाषेची ही अडचण नवी नाही. २०२० मध्ये २००६ च्या अधिसूचनेच्या जागी आणायच्या नव्या मसुद्यावर देशभरातून हरकती मागवल्या होत्या, तो मसुदाही फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तो द्या, हे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जूनला सांगावं लागलं. मत मागायचं आणि कागद कळू द्यायचा नाही, याची चीड येते.

२८ डिसेंबर
रात्री देवळात बैठक झाली. सुनावणी ऐन फवारणीच्या दिवसांत, कामाच्या वेळी. गेलं तर मजुरी बुडते. “साहेबांसमोर आमचं कोण ऐकतंय?” वाडीतल्या एक काकू म्हणाल्या. झरा कुठल्या महिन्यात किती वाहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं तसंच लिहून घेतलं, खाली त्यांची सही.

६ जानेवारी
मांडव कंपनीचा, पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या, कडेला पोलीस. सादरीकरण लांबलं, गावकऱ्यांना मात्र “थोडक्यात बोला.” या सुनावणीला गणपूर्तीची अटच नाही, मांडव रिकामा असता तरी ती कायदेशीर ठरली असती. काकू उठल्या आणि झऱ्याबद्दल न अडखळता बोलल्या. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवा, असा आम्ही आग्रह धरला. तसा नियमच आहे. वाचलं तर त्यात झरा नव्हता. तो घालून घेतला, मगच अधिकाऱ्यांची सही झाली.

७ जानेवारी
मंजुरीचा निर्णय इथे होत नाही. तज्ज्ञ समिती दूर बसून कागद पाहते, म्हणून कागदावर काय आलं यालाच मोल. लोक उदासीन आहेत, हा आरोप मला मान्य नाही. संपूर्ण अहवाल लोकांच्या भाषेत द्या, प्रत गावात ठेवा, सुनावणी सुट्टीच्या दिवशी घ्या. मग माणसं मोजा. आणि तुमच्याकडे अशी नोटीस लागली, तर हरकत लेखी द्या, पोच घ्या, इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय मांडव सोडू नका.