इटलीचे चार उंबरठे

परदेशाच्या प्रवासवर्णनांची मराठीत उणीव नाही. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही नगरे आपल्या वाचकांच्या इतकी परिचयाची झाली आहेत की, त्यांत नव्याने भर घालण्याजोगे माझ्यापाशी फारसे नाही. शिवाय हॉटेलात उतरून मार्गदर्शकाच्या मागोमाग हिंडण्याचा योग मला आलाच नाही. मी इटली पाहिली ती चार कुटुंबांचा पाहुणा म्हणून, त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून. त्या टेबलांवर जे ऐकले, त्यातील काही आपणां बडोदेकर मराठी मंडळींच्या घराशी निगडित आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोटरी फाउंडेशनने १९६५ साली ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ नावाची योजना सुरू केली. पंचविशी ते चाळिशीच्या दरम्यानचे, स्वतः रोटरीचे सभासद नसलेले चार व्यावसायिक आणि त्यांचा नेता म्हणून एक ज्येष्ठ सभासद, असा संघ चार-सहा आठवड्यांसाठी परदेशी जाई. तिकडचा संघ इकडे येई. विमानभाडे फाउंडेशन देई, राहणे-जेवणे यजमानांकडे असे. दिवसा आपापल्या व्यवसायाची ठिकाणे पाहायची आणि सायंकाळी कोणाच्या तरी घरी परतायचे, असा क्रम. २००८ च्या एप्रिल-मे महिन्यांत अशा एका संघातून, शिक्षक या नात्याने, मला इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो आणि फ्रिउली या प्रांतांत जाण्याची संधी मिळाली.

इटलीशी आपला व्यवहार तसा जुना आहे. १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेक पद्धतीची आहे, आणि राजवाड्यातील कितीतरी शिल्पे आउगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या हातची आहेत. माझ्या व्यवसायापुरते बोलायचे, तर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या विचारांतून गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले, आणि तेथे त्यांच्या खांद्याला खांदा लावून ताराबाई मोडक यांनी काम केले. इटालियन विचार, गुजराती भूमी आणि मराठी कार्यकर्ती असा तो संगम होता. तेव्हा मी अगदीच अनोळखी देशी निघालो होतो असे नव्हे.

पहिला उंबरठा पादुआ शहरातला. येथील विद्यापीठ १२२२ सालचे. गॅलिलिओने येथे १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षे अध्यापन केले, आणि १६७८ मध्ये एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीने येथेच तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळविली. अशी पदवी मिळविणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. माझ्या यजमानीणबाई तेथील एका विद्यालयात लॅटिन आणि ग्रीक शिकवीत. त्यांच्या वर्गात दोन दिवस मागच्या बाकावर बसलो. तेथे तोंडी परीक्षेला फार महत्त्व. विद्यार्थी सर्वांसमक्ष शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. गुण दहापैकी, आणि सहाला उत्तीर्ण. एका प्राथमिक शाळेत मात्र मी थबकलो. नीट बोलू न शकणारी एक मुलगी इतर मुलांतच बसली होती आणि तिच्यासाठी त्याच वर्गात दुसऱ्या शिक्षिका होत्या. १९७७ च्या कायद्याने अशा मुलांच्या वेगळ्या वर्गांची प्रथा बंद करून त्यांना सर्वांबरोबर बसविण्याचे धोरण तेथे आले. मी यजमानीणबाईंना सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्याचे सांगितले, तेव्हा थबकण्याची पाळी त्यांची होती.

त्याच रात्री त्या फोनवर आपल्या आईशी बोलत होत्या आणि मला त्यातला एकही शब्द ओळखीचा वाटेना. निघण्यापूर्वी तीन महिने इटालियनचा अभ्यास करूनही ही गत का, असे विचारता त्या हसल्या. “हे इटालियन नव्हेच, ही आमची घरची व्हेनेतो.” मग त्यांनी समजावून सांगितले, ते थोडक्यात असे : इटली हे राष्ट्र १८६१ साली एक झाले, तेव्हा आज जिला इटालियन म्हणतात ती, मूळची फ्लॉरेन्सची भाषा, भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार शंभरातील जेमतेम अडीच लोक बोलू शकत. बाकीचे घरोघरच्या बोली बोलत. शाळा, सैन्य, रेडिओ आणि दूरदर्शन यांनी इटालियन सर्वत्र नेली आणि घरच्या बोली घरातच राहिल्या. जगभर पसरलेला ‘चाओ’ हा शब्दही मूळ व्हेनेतोतला. त्याचा अर्थ ‘मी आपला दास’. आपल्या जुन्या पत्रांतील ‘सेवेसी विज्ञापना’ मला आठवली. नम्रता दाखविण्याच्या रीती देशोदेशी किती सारख्या असतात!

दुसरा उंबरठा कोनेल्यानोजवळच्या टेकड्यांवरील एका द्राक्षबागाईतदाराचा. कोनेल्यानो येथे १८७६ पासून मद्यनिर्मितीचे शिक्षण देणारी शाळा आहे. यजमान तिचेच विद्यार्थी. मी शाकाहारी आणि मद्यही न घेणारा, म्हणजे त्या घरी दोन्ही बाजूंनी अडचणीचा पाहुणा. परंतु कोणी चेहऱ्यावर तसे दिसू दिले नाही. त्यांच्या आईंनी मक्याच्या पिठाची ‘पोलेंता’ केली. ती मला थेट आपल्या उकडीची बहीण वाटली. २५ एप्रिल हा संत मार्कचा दिवस. त्या दिवशी व्हेनिसच्या राज्यप्रमुखांच्या मेजवानीत मानाने वाढला जाणारा पदार्थ पानात आला, आणि पाहतो तो आसट मटारभात! वऱ्हाडातील वा बडोद्यातील कोणतीही सुगरण त्यावर चार गोष्टी सुचवू शकली असती.

या घरातील एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. आजी नातीशी व्हेनेतोत बोलत, आणि नात उत्तर देई ते इटालियनमध्ये. दोघींना एकमेकींचे सारे समजे. भांडण नव्हते, रुसवा नव्हता. केवळ एक भाषा त्या टेबलाच्या अलीकडे थांबली होती आणि पलीकडे जात नव्हती. यजमानांनी मग ब्राझीलमधील नातलगांची हकीकत सांगितली. १८७५ पासून व्हेनेतोतील हजारो गरीब शेतकरी ब्राझीलच्या दक्षिण भागात जाऊन वसले. यजमानांच्या पणजोबांचे भाऊ त्यांतलेच. त्यांच्या वंशजांपैकी काही जण मूळ गाव पाहायला आले, तेव्हा ते जी व्हेनेतो बोलू लागले ती ऐकून आजींच्या डोळ्यांत पाणी आले. आजींच्या आजीचे शब्द त्यांच्या तोंडी होते. तिकडे या भाषेला ‘तालियान’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्राझीलच्या सरकारने इटालियन, जर्मन आणि जपानी भाषा चारचौघांत बोलण्यास बंदी केली होती. तरीही ती टिकली. स्वयंपाकघरात, शेतात, प्रार्थनेत आणि पत्त्यांच्या डावात टिकली. पुढे २०१४ साली त्याच देशाने तिला आपल्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात या भूमीवर आलेल्या आपल्या पूर्वजांची आठवण मला त्या टेबलाशी बसून होणे अपरिहार्य होते. तालियानवर बंदी होती. आपल्यावर कोणी कधी बंदी घातली नाही. उलट गुजराती शेजाऱ्यांनी आपल्या गणपतीला आपलेसे केले, आणि आपण त्यांच्या गरब्याला. १९०९ आणि २०१८ अशा शतकाच्या दोन टोकांना या नगरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. इतका मोकळेपणा मिळालेल्या भाषेने संकोचत जावे, याचे कारण मग बाहेर कोठे शोधायचे?

तिसरा उंबरठा व्हिचेन्झाचा. पाल्लादिओ या वास्तुविशारदाच्या इमारतींसाठी हे शहर विख्यात आहे. यजमान सत्तरी ओलांडलेले निवृत्त अभियंता, जन्माने दक्षिणेकडील रोमान्या भागातले. मी महाराष्ट्रीय आहे हे कळताच एका रविवारी त्यांनी स्वतः गाडी चालवीत मला फोर्ली येथे नेले. तेथे हिंदी सैनिकांची युद्धसमाधिस्थळे आहेत, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावांचे स्वतंत्र स्मारक आहे. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढले. त्यांतील पाच हजारांहून अधिक परतले नाहीत. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी गोळीबारातून जखमी सोबत्यांना वाहून आणले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे यांचे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक २०२३ साली मोंतोने या गावी उभे राहिले आहे. माझ्या यजमानांना बालपणी पाहिलेल्या त्या सैनिकांचा एकच शब्द आठवत होता : ‘चपाती’. त्यांच्यातील एकाने भुकेल्या मुलाच्या हाती ती ठेवली होती. साठांहून अधिक वर्षांनी त्या उपकाराची फेड एका बडोदेकर शिक्षकाला भोजन घालून होत होती. तो शिपाई कोणत्या गावचा, हे आता कोण सांगणार?

चौथा उंबरठा फ्रिउलीतील स्पिलिम्बेर्गोचा. तालियामेंतो नदीच्या काठच्या या छोट्या गावात १९२२ पासून मोझेकची शाळा आहे. माझे यजमान तिचे एक आश्रयदाते; शाळा त्यांनी हौसेने दाखविली. नदीतील रंगीत गोटे छोट्या हातोडीने फोडून विद्यार्थी त्यांचे नखाएवढे चौकोनी तुकडे करीत होते. या परिसरातील कारागीर एकेकाळी युरोपभर जात. जवळच्या सेक्वाल्स गावच्या जान दोमेनिको फाक्किना याने पॅरिसच्या ऑपेराचे मोझेक केले. तुकडे उलट्या बाजूने कागदावर चिकटवून चित्र कारखान्यातच तयार करायचे, त्याचे भाग दूर पाठवायचे, जागेवर गिलाव्यात बसवायचे आणि मग कागद भिजवून काढून टाकायचा, ही त्याची युक्ती. आमच्या राजवाड्याच्या जमिनीविषयी मी सांगितले, तेव्हा शाळेतील एका वृद्ध शिक्षकांनी प्रथम विचारले ते, “पाणी लागत नाही ना तिला?”

फ्रिउलीची भाषा वेगळी आणि तिचे भाग्यही वेगळे. इटलीच्या १९९९ च्या कायद्याने ज्या बारा अल्पसंख्य भाषांना मान्यता दिली, त्यांत फ्रिउलियन आहे; व्हेनेतो नाही. शाळेत नाव घालताना पालकांनी इच्छा कळविली की मुलाला फ्रिउलियन शिकविली जाते. पासोलिनी या कवीने आपल्या आईच्या गावची, जवळच्या कासार्साची, हीच भाषा उचलून १९४२ साली पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. तेव्हा तो विशीचा होता. यजमानांची सून मला म्हणाली, “कायदा फक्त दार उघडतो. आत यायचे की नाही, ते अर्जावर खूण करणाऱ्या आईबापांनी ठरवायचे.”

त्यांचा संघ पुढच्या हिवाळ्यात बडोद्यास आला. फ्रिउलीतील एक प्राथमिक शिक्षिका दांडिया बाजारातील आमच्या घरी पाच दिवस राहिल्या. दरबार हॉलमध्ये सर्वांच्या माना वर छताकडे, आणि ही बाई गुडघे टेकून जमीन न्याहाळीत होती. घरी त्या माझ्या आईला दुसऱ्याच दिवशी ‘आई’ म्हणू लागल्या. निघण्याच्या आदल्या रात्री माझा मुलगा आजीच्या प्रश्नांना अर्धे मराठीत, अर्धे गुजरातीत उत्तर देत होता. भाषा कळत नसूनही दोन सूर त्यांच्या शिक्षिकेच्या कानांनी टिपले. त्यांनी विचारले, “आजींची भाषा हा मुलगा लिहितो का?” आई म्हणाली, “लिहील की. आता पत्र मलाच पाठवायला सांगते.” ती पत्रे खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, बिनतिकिटाची, आई असेपर्यंत येत राहिली.

ती एक्स्चेंज योजना २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या जागी विशिष्ट प्रशिक्षणासाठी जाणारे संघ आले. ते उपयुक्त असतील, पण आठवडाभर दुसऱ्याच्या घरचे होऊन राहण्याची गोष्ट त्यात दुय्यम झाली. तथापि पाहुणा होण्यासाठी विमानच लागते असे नाही. बडोद्याप्रमाणेच इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथेही पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे नांदत आहेत. प्रत्येकाची मराठी वेगळ्या पाण्यावर वाढलेली. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मुलांनी आठ दिवस त्यांच्या घरी राहावे, त्यांच्या मुलांनी आपल्याकडे यावे. इंदूरचे मूल आपल्या पंगतीत बसले की आपल्या मुलांना मराठी बोलण्याचे कारण मिळेल. आणि भाषा उपदेशाने नव्हे, कारणाने बोलली जाते, हे तीस वर्षे शाळेत काढल्यावर मी खात्रीने सांगू शकतो. या मासिकाच्या वाचकांपैकी दहा घरांनी जरी दार उघडे ठेवण्याचे मनावर घेतले, तरी येत्या वैशाखात आरंभ करता येईल. आमच्या घरची एक खोली मी धरून चालतो.