कैफियतीची मुदत

अभ्यागत प्राध्यापक म्हणून हैदराबादेत असताना तेथील काही वकिलांनी मला एक चमत्कारिक वाटावे असे निमंत्रण दिले. ही सारी मंडळी व्यापारी दाव्यांत काम करणारी; करारनामे, थकलेली बिले, भागीदारीतले तंटे हे त्यांचे रोजचे जग. महिन्यातून दोन शनिवारी एकत्र जमून नवे कायदे आणि नवे निकाल वाचावयाचे, असा परिपाठ त्यांनी स्वतःहून घालून घेतला होता. त्यांतले तीन शनिवार मी ‘वाचन’ ह्या विषयावर बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. तौलनिक साहित्याच्या बाईने वकिलांना काय सांगावे, असे म्हणून एरवी मी ते टाळले असते. टाळले नाही, ह्याचे कारण आमच्या घरातच होते.

माझ्या थोरल्या भावाचा सांगली जिल्ह्यात पंपांचे सुटे भाग बनविण्याचा लहानसा कारखाना आहे. २०२३ साली त्याला कच्चा माल पुरविणाऱ्या एका व्यापाऱ्याने सात लाखांच्या वसुलीचा दावा लावला. माल सदोष निघाला होता आणि त्याविषयीचा सारा पत्रव्यवहार दादाजवळ जपून ठेवलेला होता. वकीलपत्र अर्थातच वडिलांच्या जुन्या स्नेह्यांना दिले. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणतो. चाळीस वर्षांची वकिली, आणि सचोटी अशी की पक्षकाराला उगाच आशा दाखवायची नाही. “घाई नको. उशीर झाला तरी चालेल, पण कैफियत पक्की देऊ,” असे ते म्हणाले. ती पक्की कैफियत १३१व्या दिवशी दाखल झाली, आणि न्यायालयाने ती घेतली नाही.

२०१५च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने असे ठरविले आहे, की समन्स पोचल्यापासून १२० दिवस उलटले म्हणजे प्रतिवादीचा कैफियत देण्याचा हक्कच संपतो. तो परत देणे न्यायाधीशांच्याही हाती राहत नाही. वकीलकाकांना हा कायदा ठाऊक नव्हता असे नाही. परंतु तो आला तेव्हा एक कोटी वा त्याहून अधिक रकमेच्या तंट्यांपुरता होता; म्हणजे मुंबईच्या मोठ्या लोकांचा. २०१८ साली ती मर्यादा तीन लाखांवर आणली गेली आणि जिल्ह्याच्या गावचे कितीतरी साधे वसुलीदावे एका रात्रीत ‘वाणिज्यिक’ झाले. दाव्यापूर्वी मध्यस्थीची नोटीस आली होती, तीही ह्याच कायद्याची खूण होती. काकांनी ती नीट भोक पाडून फाइलला लावली.

हैदराबादच्या वर्गात मी जो पाठ वाचावयास घेतला, तो दिवाणी प्रक्रिया संहितेतील ह्याच नियमाचा. साहित्याच्या अभ्यासकाला हेवा वाटावा असा त्याचा इतिहास आहे. २००२च्या दुरुस्तीने कैफियतीला ३० आणि फार तर ९० दिवस दिले, आणि त्यासाठी ‘शॅल’ हे आज्ञार्थी क्रियापद वापरले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ ह्या निकालात सांगितले, की हे ‘शॅल’ बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे. न्यायाची पद्धती ही न्यायाची दासी असते, स्वामिनी नव्हे. मग २०१५ आले. मुख्य वाक्य होते तसेच राहिले. परंतुक तेवढे बदलले. आणि २०१९ साली ‘एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स’च्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणाले, की वाणिज्यिक दाव्यात ही मुदत बंधनकारकच आहे. गंमत अशी, की पहिला अर्थ मेलेला नाही. साध्या दिवाणी दाव्यात तो आजही चालतो. एकाच संहितेच्या एकाच वाक्याचे दोन अर्थ एकाच इमारतीच्या दोन दालनांत एकाच सकाळी खरे असतात. पाठचिकित्सेत आपण दोन पोथ्या समोर ठेवून भेद शोधतो. येथे अक्षर एकच, आणि वाचणाऱ्याने आपण कोणत्या दालनात उभे आहोत हे आधी ओळखावयाचे. वकीलकाका अडाणी नव्हते. २००५चे वाचन त्यांना मुखोद्गत होते आणि त्यावर त्यांनी अनेकांचे हक्क वाचविलेले होते.

‘कैफियत’ ह्या शब्दावर त्या वर्गात बराच वेळ गेला, तो माझ्याच हौसेने. उर्दूभाषक वकिलाला त्यात मनाची अवस्था ऐकू येते. तेलुगू जाणणाऱ्याला कर्नल मॅकेन्झीच्या संग्रहातले गावोगावचे वृत्तान्त आठवतात. आणि मराठी माणूस न्यायालयात आपले म्हणणे लिहून देतो, तीही कैफियतच. ‘कसे आहे’ ते सांगणे, एवढाच मुळातला भाव.

आपल्याकडे वकिलाला २०१०नंतर सुरू झालेली एक परीक्षा द्यावी लागते. ती झाली, की पुढे त्याने काही वाचले का, असे विचारणारे सक्तीचे बंधन नाही. सनदी लेखापालांना त्यांची संस्था तास मोजून विचारते. इंग्लंडातील सॉलिसिटरांवर वर्षाला १६ तासांची सक्ती होती. ती २०१६ साली उठवून, आपल्याला काय येत नाही ते आपणच ओळखून शिकावे, असे ठरले. तासांवर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. प्राध्यापकांच्या उजळणी वर्गांत मी हजेरीपटावर सही करून दुपारभर पेंगले आहे, आणि बढतीसाठी ते तास माझ्या खाती जमाही झाले आहेत. पण न मोजल्याने काय होते, तेही आता पाहिले आहे.

शेवटच्या शनिवारी मी नावे न घेता दादाची हकीकत सांगितली. कोणी हळहळले नाही. मागच्या रांगेतील एका बाईंनी विचारले, “समन्सची तारीख पाकिटावरची धरली होती, की प्रत्यक्ष हाती पडल्याची?” मला उत्तर देता आले नाही. त्याच रात्री दादाला फोन करून विचारले. हाती पडल्याचीच धरली होती. त्या वाटेनेही अकरा दिवस सुटत नव्हते.

माझ्या टिपणांविषयी वकीलकाकांना दादाकडून कळले. त्यांनी फोनवर एवढेच म्हटले, “पाठव. अक्षर जरा मोठे कर.” दिवाळीत त्यांच्या घरी गेले, तेव्हा टेबलावरच्या प्रत्येक फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीने दोन तारखा घातलेल्या दिसल्या. दुसरी १२०व्या दिवसाची.

दादाने वकील बदललेला नाही. “आता ते दिवस मोजतात, नवा कोणी मोजेलच कशावरून?” असे तो म्हणतो. दावा चालू आहे. वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी काकांना घेता येते. आपली बाजू मात्र मांडता येत नाही. सदोष मालाची ती पत्रे दर तारखेला पिशवीतून न्यायालयात जातात आणि संध्याकाळी घरी परत येतात.