लेडीज डब्यातले अभंग

बदलापूरहून सीएसएमटीकडे निघणारी सकाळची जलद लोकल अंबरनाथलाच भरते. कल्याणला आत शिरायला खांद्याचा जोर लावावा लागतो, आणि डोंबिवलीच्या बायका पर्स पोटाशी धरून, श्वास रोखूनच चढतात. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी राहिली की त्या गर्दीला रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. याच गाडीच्या लेडीज डब्यात मंगळवारी आणि शुक्रवारी टाळ वाजतात.

मंडळ मोठं नाही. समोरासमोरच्या बाकांवर सहा-सात जणी, त्यांच्या गुडघ्यांना गुडघे टेकवून उभ्या असलेल्या आणखी तितक्याच. टाळांचे दोन जोड, एक चिपळ्यांचा. पुरुषांच्या डब्यातल्या काही मंडळांकडे ढोलकी, पखवाज असतो. इथे तेवढी जागा नाही, म्हणून एक जण डब्याच्या पत्र्यावर बोटांनी आठ मात्रांचा भजनी ठेका धरते. गाडी सुटली की गजर, मग रूपाचा अभंग, मग ज्ञानोबा-तुकोबांचे एक-दोन अभंग, एखादी गवळण आणि शेवटी भैरवी. दादरला अर्धा डबा रिकामा होतो, त्यामुळे भैरवी घाटकोपर सुटल्यावर लगेच घ्यायची हा अलिखित नियम आहे. उल्हासनगरनंतर विठ्ठलवाडी स्टेशन येतं. तिथे गाडीचा वेग कमी झाला की कुणीही खूण न करता सगळ्या जणी विठ्ठलनामाचा गजर करतात. फलाटावरच्या बायकाही कधी कधी त्यात सूर मिसळतात आणि तशाच चढतात.

गाणाऱ्यांमध्ये एक भायखळ्याला उतरणारी परिचारिका आहे, एक पोस्टात, दोघी मंत्रालयात, एक घरोघरी स्वयंपाकाला जाणारी मावशी. चाल धरणाऱ्या काकू बँकेत आहेत. त्यांचं बालपण गिरणगावात, लालबागच्या चाळीत गेलं. तिथे वडिलांचं भजनी मंडळ होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी मिटलाच नाही. घरं विकली गेली आणि अनेक कुटुंबं रेल्वेच्या रुळांच्या कडेने लांब सरकत गेली. काकूंचं कुटुंब बदलापूरला आलं. येताना जे थोडं सामान आलं, त्यात वडिलांचे टाळ होते. आज डब्यात वाजतात ते हेच.

या डब्यात मी आले तेव्हा माझी झोप उडालेली होती. हिशेब खात्यातली नोकरी, मार्चअखेर, घरी आईचं आजारपण. पहाटे तीनला जाग यायची आणि मनात आकडे सुरू व्हायचे. दात इतके घट्ट आवळलेले असत, की सकाळी जबडा दुखायचा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. "ताण कमी करा, रोज वीस मिनिटं शांत बसा," असं ते म्हणाले.

सल्ला योग्यच होता. ऑफिसातल्या एका कार्यशाळेत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची पद्धतही शिकवली गेली: एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग सैल सोडायचा, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत. १९२९ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि आजही ती पद्धत जगभर वापरली जाते. पण त्यासाठी सतरंजी पसरण्याइतकी जागा लागते आणि दार बंद करता येईल अशी खोली लागते. दोन खोल्यांत पाच माणसं, त्यात एक रुग्ण, पहाटे डबे, रात्री औषधं, आणि मधले तीन तास गाडीत. ताण हलका करण्याच्या बहुतेक सल्ल्यांत एक रिकामी खोली गृहीत धरलेली असते. मुंबईच्या परिसरातल्या लाखो बायकांना दिवसातले मोकळे म्हणता येतील असे तास फक्त लोकलमध्ये मिळतात, आणि त्या बायकांसाठी कुणी काही सुचवत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एका मंगळवारी गर्दीने ढकलत ढकलत मला त्या बाकांपाशी आणून सोडलं. काकूंनी वर पाहिलं आणि हातातली चिपळी पुढे केली. "उभीच आहेस ना? मग धर."

"मला येत नाही हो, काकू."

"येण्यासारखं काय आहे त्यात? आम्ही म्हटलं की मागून म्हण."

म्हटलं. आवाज फुटेना, मग फुटला. ठाणं कधी गेलं ते कळलं नाही. त्या रात्रीही पहाटे जाग आलीच. एका सकाळीत असे प्रश्न सुटत नाहीत. पण ऑफिसात पोचले तेव्हा खांदे खाली आलेले होते, आणि हे माझ्या लक्षात येण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंच्या लक्षात आलं. पुढे मंगळवार-शुक्रवारची वाट पाहणं सुरू झालं. काही आठवड्यांनी जबड्याचं दुखणं कमी झालं, आणि पहाटे जाग आली तर आकड्यांऐवजी एखादी चाल डोक्यात फिरू लागली. तिच्यावर परत झोप लागायची.

हे कसं घडतं, याचा काही भाग शरीरशास्त्रात सापडतो. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून श्वसनाचे प्रयोग यंत्रांवर मोजायला सुरुवात केली होती. पण भजनाच्या सगळ्यात जवळ जातो तो २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलेला एक अभ्यास. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी बसलेल्या माणसाचा श्वास याच्या दुपटीहून जास्त वेगाने चालतो. त्या संथ लयीत रक्तदाब सावरणारी शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा जास्त तल्लख झाली. अभंग म्हणतानाही असंच काहीसं होत असावं. चरण लांबवताना श्वास सावकाश बाहेर जातो. काकू पुढचा चरण घेतात तेवढ्या वेळात आपण तो भरून घेतो. 'हळू श्वास घ्या' असं कुणी सांगावं लागत नाही. श्वास मोजायला बसलं की मला धाप लागल्यासारखं व्हायचं. चालीच्या मागे गेलं की तो आपला आपण संथ होतो.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचे ब्योर्न विकहॉफ यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी चढते आणि एकाच वेळी उतरते. ही माहिती डब्यात सांगितली तेव्हा परिचारिका ताई म्हणाल्या, "वॉर्डात चोवीस जणांची नाडी बघते मी. इथे माझी कुणीतरी बघतं म्हण की."

सगळ्यांना हे आवडतं असं नाही. रात्रपाळी करून परतणारी, मोबाइलवर अभ्यास करणारी, डोकं दुखत असलेली बाई डब्यात असते, आणि तिचा शांततेचा हक्क भजनाच्या हक्काइतकाच खरा आहे. परीक्षेच्या दिवसांत पुस्तक उघडून बसलेली मुलगी दिसली की काकू टाळ पिशवीत ठेवतात, आणि मंडळ नुसतं गुणगुणतं. गर्दीच्या डब्यात हे भान सुटलं तर एकीचा विसावा दुसरीचा ताप होईल.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या. परिचारिका ताई अत्यावश्यक सेवेच्या गाडीने जात राहिल्या, बाकीच्या घरी. कुणीतरी व्हिडिओ कॉलवर भजन करायचं सुचवलं. पण प्रत्येकीचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचायचा, टाळ एकावर एक आदळायचे आणि कोरस काही जुळायचा नाही. शेवटी एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी आपापला माइक बंद करून घरीच साथ द्यायची, असं ठरलं. माझ्या आईने ती भजनं पलंगावर पडून ऐकली. तिच्या शेवटच्या महिन्यांत मंगळवार कधी, हे ती मला विचारायची.

लशीचे दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलमध्ये चढता येऊ लागलं. मास्क लावून गाणं कठीण होतं, म्हणून बरेच दिवस नुसता टाळ आणि ठेका चालला. पोस्टातल्या ताई निवृत्त झाल्या होत्या. मंत्रालयातल्या एकीची बदली झाली. मावशींची चारपैकी दोन कामं सुटली होती. त्या आता उशिराच्या गाडीने येतात, पण शुक्रवारी मुद्दाम लवकर निघतात.

त्यांच्या जागी नव्या आल्या आहेत. अंबरनाथहून एक मुलगी चढते, विक्रोळीच्या एका कॉल सेंटरात शिकाऊ आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते. गेल्या शुक्रवारी तिने काकूंना गवळण शिकवा म्हटलं. काकूंनी कल्याण येईपर्यंत धृपद बसवून घेतलं. पहिला चरण अर्धा झाला तोवर डोंबिवली आली, माणसं आत कोसळली, दोघींच्या मध्ये तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांच्या खांद्यांवरून उरलेला अर्धा चरण मोठ्याने सांगितला, आणि मधल्या तिघींपैकी एकीने तो आधी उचलला.