स्पॅनियलांचे कुलशील

सोयरीक जुळविताना कुलशील पाहण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. कूळ कळले की शिलाचा अंदाज बांधता येतो, अशी त्यामागील समजूत. माणसांच्या बाबतीत ती कितपत खरी, याविषयी मला नेहमीच शंका वाटत आली आहे. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ती पुष्कळच खरी ठरते. आणि स्पॅनियल या लांब कानांच्या, रेशमी केसांच्या गोत्रात तर तिचा प्रत्यय पावलोपावली येतो.

स्पॅनियल म्हणजे स्पेन देशाचा, असा या नावाचा रूढ अर्थ. जॉन कीज नामक इंग्रज वैद्याने १५७० साली आपल्या देशातील कुत्र्यांविषयी लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला; त्यात जमिनीवर काम करणारे आणि पाण्यात काम करणारे, असे यांचे दोन भेद त्याने सांगितले आहेत. जमिनीवरच्याचे काम म्हणजे गवताझुडपांत दडलेल्या पक्ष्याचा वास काढून त्याला उडविणे. बंदूक येण्यापूर्वी त्या पक्ष्यावर ससाणा सोडीत किंवा जाळे टाकीत. पुढे माणसाच्या हातचे साधन बदलले. कुत्र्याचा धर्म तोच राहिला.

या एका धर्माच्या अनेक शाखा झाल्या. पक्ष्याला एकदम उडवितो तो स्प्रिंगर. वुडकॉक नावाच्या, झुडपात दडून बसणाऱ्या पक्ष्यामागे जातो तो कॉकर. एके काळी हे दोघे एकाच वेतातील भाऊ असत. थोराड निघाला तो स्प्रिंगर, ठेंगणा राहिला तो कॉकर. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाल्यानंतर वंशावळीच्या वह्या काटेकोरपणे लिहिल्या जाऊ लागल्या, आणि भावांची घरे वेगळी झाली. नॉटिंगहॅमशायरमधील एका सरदारी वाड्याचे नाव मिरविणारा क्लंबर हा पांढरा, वजनदार आणि संथ. गर्द झाडीतून तो घाई न करता वाट काढतो. सोनेरी तपकिरी रंगाचा ससेक्स वास लागताच भुंकून वर्दी देतो. कुरळ्या केसांचा आयरिश वॉटर स्पॅनियल सर्वांत उंच; थंडगार पाण्यात उडी घेऊन पडलेला पक्षी अलगद उचलून आणावा तो यानेच.

या शीलाचा पुरावा आमच्या घरी मला लहानपणीच मिळाला. बेळगावच्या कॅम्पातून वडिलांनी एक सोनेरी कॉकर आणला होता. त्याचे नाव सोन्या. आजीच्या सोवळ्याची मर्यादा त्याने आठ दिवसांत ओळखली; देवघराच्या उंबऱ्याबाहेर पुढचे पाय पसरून तो नैवेद्य होईपर्यंत मुकाट पडून राही. पण श्राद्धाच्या दिवशी हा सारा सात्त्विकपणा संपे. मागील दारी काकबळी ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे, आणि कावळा उतरतो न उतरतो तोच सोन्या बाणासारखा धावून त्याला उडवून लावी. पानाला तो तोंड लावीत नसे, कावळ्याच्या पिसालाही त्याने कधी धक्का लावला नाही. उडविले की त्याचे कर्तव्य संपले. मग शेपूट हालवीत तो आमच्याकडे शाबासकीसाठी पाही. आजी म्हणे, “पितर उपाशी गेले, आणि हा हसतोय बघा मेला!” पुढे श्राद्धाच्या दिवशी त्याला पुढल्या खोलीत बांधून ठेवण्याचा प्रघात पडला. त्याच्या पूर्वजांना शतकानुशतके जे शिकविले, तेच तो करीत होता. आमच्या पूर्वजांची गोष्ट त्याला कोणी सांगावी!

गोत्रात नाव आहे पण रक्त नाही, असाही एक स्पॅनियल आहे. तो तिबेटी. युरोपीयांनी त्याला हे नाव दिले, एवढाच त्याचा शिकारी कुळाशी संबंध. लामांच्या मठात उंच भिंतीवर बसून दूरवर नजर ठेवावी आणि अनोळखी माणूस दिसताच भुंकून सांगावे, हे त्याचे व्रत. आजही पिल्लू घरात आले की ते सर्वांत उंच जागा शोधते.

इथवर कुळाने शील घडविले. पण माणसाला कामापेक्षा रूपाचा मोह पडला, तेव्हा काय झाले तेही पाहिले पाहिजे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारात लहान स्पॅनियल मोकळे वावरत; जुन्या चित्रांतून त्यांची नाके लांब दिसतात. एकोणिसाव्या शतकात चपट्या तोंडाची आवड निर्माण झाली आणि ते नाक नाहीसे झाले. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने जुन्या वळणाच्या कुत्र्यासाठी क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात पंचवीस पौंडांचे बक्षीस लावले. त्यातून कॅव्हेलियर किंग चार्ल्स ही जात उभी राहिली, आणि १९४५ साली तिला स्वतंत्र मान्यता मिळाली. नाक परत आले. पण थोड्या कुत्र्यांपासून वाढविलेल्या या वंशात हृदयाच्या झडपेचा विकार घर करून बसला. कित्येकांची कवटी मेंदूला अपुरी पडते आणि त्या वेदनेने ते मानेशी सारखे खाजवीत राहतात. मांडीवर बसण्याइतका गोड स्वभाव, आणि आत हे दुखणे! नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली, तेथे चालत आलेली या जातीची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध असल्याचा निर्णय दिला.

हिमालयाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत चालला तो नुसता कुत्रा होता. त्याचे कूळ महाभारताने सांगितलेले नाही. त्याला सोडून इंद्राच्या रथात बसण्यास धर्मराजाने नकार दिला, तो केवळ तो आश्रयाला आला होता म्हणून. कुत्र्याचे कूळ आपणच लिहितो. तेव्हा त्यातील दुखण्यांची जबाबदारीही आपलीच. घरी स्पॅनियलचे पिल्लू आणू इच्छिणाऱ्याने त्याचे कान किती लांब आणि डोळे किती टपोरे, हे अवश्य पाहावे. पण त्याआधी त्याच्या आईबापांची हृदये वैद्याने तपासली आहेत काय, हे विचारावे. तसेच पावसाळ्यात त्या लांब कानांत ओल साचून ते चिघळतात, ते रोज कोरडे करण्याची आपली तयारी आहे काय, हेही स्वतःला विचारावे. एवढी विचारपूस तर आपण सोयरिकीतही करतो.