कसा वाटला?

चित्रपट संपतो, दिवे लागतात, अंधारांत हरवलेली चप्पल आपण पायानें चांचपीत असतों, आणि इतक्यांत शेजारच्या खुर्चीवरून प्रश्न येतो, "कसा वाटला?" या प्रश्नाची मला फार धास्ती वाटते. दोन-अडीच तास दुसऱ्यांच्या सुखदुःखांत बुडालेल्या माणसाला वर येऊन श्वास घेण्यापुरताहि अवधि न देतां त्याच्याकडून निकाल मागावयाचा, हा कोठला न्याय! न्यायाधीशसुद्धां निकाल राखून ठेवतात. पण निकाल राखून ठेवणारा प्रेक्षक अरसिक ठरतो. म्हणून मीं पुष्कळ वर्षांपूर्वींच एक वाक्य तयार करून ठेवलें आहे. "पूर्वार्ध चांगला आहे, उत्तरार्ध जरा लांबला." हें वाक्य कोणत्याहि चित्रपटास बसतें. पौराणिक, सामाजिक, विनोदी, रहस्यमय अशा सर्व प्रकारांवर मीं तें वापरून पाहिलें आहे. एकदां तर मी मध्यंतरांतच उठून घरीं आलों होतों. तरीहि दुसऱ्या दिवशीं कचेरींत मीं हेंच वाक्य उच्चारलें, आणि चित्रपट पुरता पाहिलेल्या दोघांनीं गंभीरपणें मान डोलावली.

गेल्या पावसाळ्यांत जिन्यावरून घसरून माझा घोटा दुखावला, आणि डॉक्टरांनीं सहा आठवडे पाय जमिनीला टेकवूं नये असें फर्माविलें. दिवसभर वाचून डोळे शिणत. म्हणून रात्रीं जेवणानंतर मुलगी दिवाणखान्यांत एखादा चित्रपट लावूं लागली. प्रेक्षक चौघे. मी, सौभाग्यवती, मुलगी आणि माझी आत्या. आत्याचें वय ८८. तिला उजव्या कानानें ऐकूं येत नाहीं, त्यामुळें ती आपली वेताची खुर्ची पडद्याजवळ ओढून, डावा कान त्याच्याकडे करून, थोडी तिरपी बसते. चित्रपट पाहण्यापेक्षां ती तो चोरून ऐकते आहे असें वाटतें.

चित्रपट निवडण्याचा अधिकार मुलीचा आणि मत देण्याचा माझा, अशी वांटणी आपोआप झाली. पहिल्या आठवड्यांत तिनें 'कोर्ट' लावला. चैतन्य ताम्हाणे यांचा हा २०१४ सालचा चित्रपट. गटार साफ करणारा एक कामगार मरण पावतो. एका वृद्ध लोकशाहिराचें गाणें ऐकून त्यानें आत्महत्या केली असा आरोप त्या शाहिरावर येतो, आणि मग तारखांमागून तारखा पडत जातात. मला आवडली ती सरकारी वकील बाई. कोर्टांत ती जुनाट कायद्यांतील कलमें एका सुरांत वाचते, आणि तीच बाई घरीं जाऊन स्वयंपाक करते, मुलांना जेवूं घालते, सुटीच्या दिवशीं कुटुंबासह नाटकाला जाते. दुष्ट माणूस एकहि नाहीं, आणि तरी एक म्हातारा तुरुंगांत कुजतो! शेवटाकडे उन्हाळ्याची सुटी लागते, कोर्टांतले दिवे विझतात आणि पडदा काळाकुट्ट होतो. वीज गेली असें समजून मीं सौभाग्यवतीला खटका पाहण्यास सांगितलें. ती उठते तों पडद्यावर न्यायाधीशमहाराज सहलीला निघालेले! "संथ आहे," मीं निकाल दिला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या वाड्याच्या दाव्याला किती वर्षं लागली?" एकोणीस वर्षें लागलीं होतीं. मी गप्प बसलों.

दुसऱ्या आठवड्यांत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' झाला. तो २०१३ सालचा. गांवांतलें डुक्कर धरण्याचें काम जब्याच्या घराण्याकडे, आणि आपल्याला असें धांवतांना शाळेंतल्या शालूनें पाहूं नये म्हणून जब्या आडोसे शोधतो. गांव मात्र जत्रेला जमावें तसें जमलें आहे. धांवपळ ऐन रंगांत आलेली असतां शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें आणि तें कुटुंब जेथल्या तेथें ताठ उभें राहतें. डुकराला मात्र तें बंधन नाहीं. इतकें हंसूं आणि इतकी लाज एकाच वेळीं मला कोठल्या चित्रपटानें क्वचितच आणविली असेल. पण शेवटीं जब्या दगड भिरकावतो तो थेट पाहणाऱ्याच्या कपाळावर. मी म्हणालों, "हें जरा उघड झालें." यावर मुलगी म्हणाली, "लागला म्हणून उघड वाटला." आमच्या घरीं मतस्वातंत्र्य आहे, तें माझ्या वाट्याला थोडें कमी आहे इतकेंच.

आत्या या दोन्ही वेळीं कांहीं बोलली नाहीं. ती बोलती झाली 'संत तुकारामा'च्या रात्रीं. दामले आणि फत्तेलाल यांचा हा प्रभातचा बोलपट १९३६ चा, म्हणजे बरोबर तिच्या वयाचा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहून लोक हात जोडीत, हें खरेंच आहे. परंतु मला विचाराल तर तो चित्रपट गौरीनें उभ्या केलेल्या आवलीचा आहे. आजारी पोराला घेऊन ती देवळांत शिरते आणि प्रत्यक्ष विठोबावर पायांतलें उगारते, तेव्हां आत्या तोंडाला पदर लावून इतकी हंसली कीं तिला ठसका लागला. "अस्सं पाहिजे!" ती म्हणाली. हें देवाला उद्देशून होतें कीं तुकोबाला, हें मला कळलें नाहीं. पुढें वैकुंठाचें विमान येतें आणि आवली मागें राहते, तेव्हां ती हंसली नाहीं. "चूल कोण पेटवणार मग," एवढें पुटपुटून ती निजावयास गेली.

त्या रात्रीच्या यशामुळेंच आम्हीं 'कुंकू' लावला. ज्या आवारांत प्रभातनें हे बोलपट काढले आणि जेथें १९६० पासून चित्रपटकलेचें शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, तें आमच्या घरापासून पायीं वीस मिनिटांवर आहे. त्या रस्त्यानें मीं चाळीस वर्षें कचेरीला ये-जा केली. पण 'कुंकू' पाहिला नव्हता. आत्यानेंहि पाहिला नव्हता. तो १९३७ मध्यें निघाला तेव्हां ती रांगत होती.

ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनीं हा चित्रपट केला. पोरक्या नीरेला तिचा मामा फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यांत बांधतो, आणि ती मुलगी लग्न झालें तरी बायको होण्याचें साफ नाकारते. एवढीच गोष्ट. शांता आपट्यांनीं ती अशा कांहीं तेजानें रंगविली आहे कीं आज इतक्या वर्षांनींहि पडदा तापल्यासारखा वाटतो. सावत्र मुलगा वांकड्या नजरेनें पाहतो तेव्हां ती छडी हातांत घेते, आणि त्याच घरांत बसून लाँगफेलोची इंग्रजी कविताहि गाते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाहीं. घरांत जे आवाज असतील तेवढेच कानीं पडतात. दुःखाचा प्रसंग आला कीं सारंगी रडूं लागावी, या संवयीचे आपण. त्यामुळें येथली शांतता अंगावर येते. आणि त्या शांततेंत भिंतीवरचें लंबकाचें घड्याळ.

मला मोठें नवल वाटलें तें केशवराव दात्यांच्या काकासाहेबांचें. म्हातारा नवरदेव म्हणजे मराठी रंगभूमीवरचें हमखास हंशाचें पात्र. 'शारदा' नाटकानें आपल्याला ती संवय लावली. काकासाहेबांनाहि आपण पहिल्यानें हंसतों. ते आरशापुढें मिशांना कलप लावूं लागतात तेथें मी मोठ्यानें हंसलों. आत्या हंसली नाहीं. पण हळूहळू या माणसाच्या आंत कांहीं तरी ढासळत जातें. आपण केलें तें पाप आहे, हें त्याला दुसरें कोणी सांगत नाहीं. त्याचें त्यालाच तें दिसूं लागतें. शेवटीं तो नीरेला मुलगी मानून मोकळें करतो आणि स्वतःचा जीव देतो.

दिवा लागला. संवयीनें सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मी म्हणालों, "अभिनय उत्तम. शेवट मात्र पटला नाहीं. लेखकाला गांठ सुटेना, तेव्हां त्यानें म्हाताऱ्याला मारून टाकलें. फार सोयीचें झालें."

आत्या पडद्याकडेच पाहत होती. थोड्या वेळानें ती म्हणाली, "त्याला निदान कळलं."

सौभाग्यवतीनें माझ्याकडे पाहिलें, आणि मीं आयुष्यांत पहिल्यानेंच कांहीं वर्षांची वजाबाकी केली. आत्याचें लग्न १९५३ सालीं झालें, तेव्हां ती १७ वर्षांची होती. आतोबा ४१ वर्षांचे होते आणि त्यांचें हें दुसरें लग्न होतें. हे आंकडे मला लहानपणापासून ठाऊक होते. नुसते ठाऊक होते. मला ठाऊक असलेले आतोबा म्हणजे सुटींत आमच्याकडे येतांना पेढ्यांचा पुडा आणणारे, मला बुद्धिबळ शिकविणारे आणि मुद्दाम हरणारे एक प्रेमळ गृहस्थ. १९७९ सालीं ते गेले तेव्हां मी रडलों होतों. आत्याला मूलबाळ नव्हतें. वडील तिला आमच्याकडे घेऊन आले, आणि ती आमच्या घरांतल्या देवघरासारखी कायमची होऊन गेली. देवघराला कोणी वय विचारीत नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. घोटा दुखत होता हें एक कारण झालेंच. "सोयीचें" हा माझा शब्द मला सलूं लागला, म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं जुनीं पुस्तकें काढून थोडी चौकशी केली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे 'कुंकू' निघाला त्या सालीं नवरा मेला तर नीरेला पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. पण नवरा जिवंत असतां? मुंबई इलाख्यांत हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ सालीं, आणि साऱ्या देशासाठीं हिंदु विवाह कायदा आला १९५५ सालीं. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती त्यांचें थोडें निराळें. पांढरपेशा वकिलाच्या घरांत ती नव्हती. काकासाहेबांना नीरेला मोकळें करावयाचें होतें, तर कायद्यानें एकच दार उघडें ठेवलें होतें, आणि तें त्यांच्या स्वतःच्या मरणाचें होतें. मला जो लेखकाचा आळस वाटला, ती त्या सालची वस्तुस्थिति होती. आणि माझें "पटला नाहीं" हें तरी काय! आपट्यांनीं तें कादंबरीच्या नांवांतच घालून ठेवलें होतें. त्यांना पटलेंच नव्हतें. म्हणून तर त्यांनीं ती लिहिली.

आत्याच्या लग्नाच्या वेळीं मात्र मुंबईच्या कायद्याला सहा वर्षें होऊन गेलीं होतीं. कागदावर दुसरेंहि दार होतें. तें कोणीं तिला दाखविलें? माझ्या आजोबांनीं? माझ्या वडिलांनीं? ते दोघेहि पेपर रोज वाचीत असत.

दोन दिवसांनीं दुपारीं ती माझ्या खाटेशेजारीं मेथी निवडीत बसली होती. मी न बोलतां पडून होतों. देंठ मोडतां मोडतांच ती म्हणाली, "तसलं घड्याळ होतं आमच्याकडे. दर रविवारी किल्ली द्यायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत, बिघडेल म्हणून." मग पुष्कळ वेळ नुसता देंठ मोडण्याचा आवाज. "वाईट नव्हते रे ते. तुला तर ठाऊकच आहे. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. माझ्या मनात काय आहे, हे विचारायचं असतं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं माहीत, सांगायचं असतं ते."

मी कांहीं तरी बोलणार होतों. पण माझ्यापाशीं एकच वाक्य तयार असतें, आणि तें पूर्वार्ध-उत्तरार्धाचें आहे.

"तो सिनेमा पुन्हा लावता येईल का?" तिनें विचारलें. "शेवट नको. ती नाही म्हणते ना त्याला, तेवढंच."

त्या रात्रीं मुलीनें तो पुन्हा लावला. आत्यानें खुर्ची नेहमीपेक्षां जवळ ओढली आणि या खेपेस तिरपी न बसतां समोर बसली. नीरा बोलत होती तोंवर तिनें हातांतली जपमाळ हलविली नाहीं. तेवढा भाग झाल्यावर मुलीनें चित्र थांबविलें. आम्हीं कोणींच कांहीं विचारलें नाहीं. आत्यानें चष्मा काढला, पदरानें पुसला, पुन्हा लावला, आणि किती वाजले म्हणून विचारलें. तिची रात्रीची गोळी राहिली होती.