न बोलावलेली पाठराखीण

निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागेपर्यंत पोरं मोबाइल काढतात. आधी फेसबुक, मग कोल्हापूरच्या बातम्या, मग बेळगावच्या, मग कुठलीशी नोकरीची जाहिरात. त्यांच्याबरोबर तीही सगळीकडे हिंडून येते. गाडी कोगनोळीचा नाका ओलांडते तेव्हाही ती खिशातच असते. नाव कुकी.

रूप म्हणाल तर मजकुराची एक ओळ. अक्षरं आणि आकडे असे मिसळलेले, की वाचून काही कळू नये. जन्म 1994 चा, नेटस्केप कंपनीत, लू माँटुली यांच्या हातचा. एका पानावर आपण काय केलं, ते वेबसाइटला पुढच्या पानावर आठवावं, एवढंच तिचं काम. ते ती आजही इमानेइतबारे करते. ती नसती तर पानागणिक पासवर्ड टाकत बसावं लागलं असतं.

तिचा दुसरा स्वभाव कळतो तो लॉगिननंतर. फेसबुकात एकदा शिरलं की आपली ओळख घेऊन ती ब्राउझरात मुक्काम ठोकते. पुढे एखाद्या बातमीखाली फेसबुकचा काही भाग जोडलेला असला, तर तो फेसबुकच्या सर्व्हरवरून येतो. तो मागवताना, कुणी अडवलं नाही तर, ब्राउझर तिलाही पाठवतो. नवरीमागे पाठराखीण जावी तशी ती निघते. हिला बोलावलेलं मात्र कुणी नसतं. त्याला बोटही लावावं लागत नाही, पान उघडलं की झालं. लॉगआउट केल्यावरही ती जागची हलत नव्हती, हे तंत्रज्ञ निक कुब्रिलोविक यांनी सप्टेंबर 2011 मध्ये दाखवून दिलं. त्या काळातल्या पाळतीच्या खटल्यात फेसबुकच्या कंपनीने 2022 साली 9 कोटी डॉलर मोजून तडजोड केली.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ही पाळत जास्तच झोंबते. घरात मराठी, कचेरीत कन्नड. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, कोण कुठल्या बातम्या उघडतो, सुप्रीम कोर्टातल्या 2004 च्या सीमावादाच्या दाव्याबद्दल काय शोधतो, यावरून इथं माणसाची बाजू ठरवतात. आपली बाजू कुणाला सांगायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. ज्यांच्या याचिकेवर सांगितलं, ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायमूर्ती. या मुलखात तो निकाल घरोघरी माहीत असायला हवा.

या कुकीला आवरता येतं. सफारी ब्राउझर 2020 पासून परक्या साइटच्या, म्हणजे थर्ड पार्टी, कुकी सरसकट अडवतो. फायरफॉक्स 2022 पासून एका साइटची कुकी दुसरीकडे जाऊ देत नाही. क्रोमने मात्र 2020 मध्ये त्या काढून टाकायचं जाहीर केलं आणि पुढे तो बेत सोडला. तेव्हा क्रोम वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकी स्वतःच ब्लॉक कराव्यात. त्याहून बरं म्हणजे फेसबुक एका ब्राउझरात ठेवावं, बातम्या दुसऱ्यात वाचाव्यात, आणि नव्या साइटवर गुगल-फेसबुकच्या खात्याने शिरायचं टाळावं. मग जिथं तिथं वेगळा पासवर्ड विचारतील. विचारू देत.