राखेला पाणी कधी द्यायचं

चुलीच्या दिवसांत राख कुणी फेकून देत नसे. तिनं भांडी घासली जात, कडधान्याला कीड लागू नये म्हणून ती डब्यात घातली जाई, परसातल्या भोपळ्याच्या वेलावर मावा पडला की सकाळी सकाळी तीच उधळली जाई. पथ्य एकच असे: राखेचा डबा पडवीत, पागोळ्यांपासून लांब ठेवायचा. एकदा भिजली की तिचा गोळा होई आणि मग ती खरोखरच कचरा ठरे.

नाशिकजवळच्या एका रेडीमिक्स प्लांटवर काँक्रीटची गुणवत्ता सांभाळणाऱ्या एका इंजिनियरला आजीचं हे पथ्य रोज आठवतं. तिच्या हाताखालून रोज टनावारी राख जाते. ही राख चुलीतली नाही, औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमधली. राख आणणारा बल्कर टँकर दारात लागला की ती आधी चिमूटभर राख बोटांत चोळून बघते. पिठासारखी सरकली तर बरी, कचकच लागली तर भरडी. रंग फिकट असेल तर कोळसा नीट जळला आहे. काळपट असेल तर कार्बन उरला आहे, आणि तो कार्बन काँक्रीटमधली महागडी रसायनं शोषून बसणार. मग प्रयोगशाळा: 45 मायक्रॉनच्या चाळणीवर किती उरतं, भट्टीत तापवल्यावर वजन किती घटतं. बोटांचा आणि चाळणीचा निकाल बहुतेक वेळा जुळतो. नाही जुळला तर ती चाळणीचं ऐकते.

राख येते कुठून आणि तिचं नशीब ठरतं कुठे, हे बघायला ती एकदा वीज केंद्रात गेली होती. भारतीय कोळशात राखच 30 ते 45 टक्के. शंभर टन कोळसा जाळला तर तीस-चाळीस टन मागे उरणारच. बॉयलरमध्ये कोळशाचं पीठ फुंकून जाळतात. त्यातली जड राख तळाशी पडते आणि बाकीची धुराबरोबर वर जाते. चिमणीच्या अलीकडे ईएसपी नावाचे मोठे सापळे असतात. त्यांतल्या पत्र्यांवर विजेच्या जोरावर राख चिकटते आणि ठोके बसले की खालच्या हॉपरमध्ये झडते. पहिल्या रांगेतल्या हॉपरमध्ये भरडी राख येते, मागच्या रांगांत अधिकाधिक बारीक. ही बारीक राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर काचेचे गुळगुळीत गोळे दिसतात, काही तर आतून पोकळ.

हॉपरच्या खाली दोन वाटा फुटतात. एक हवेच्या नळीतून सायलोकडे जाते आणि तिथून बल्करमध्ये. दुसरी पाण्याच्या नळाकडे: राखेत पाणी सोडायचं, तिची रबडी करायची आणि पाइपातून दूरच्या तळ्यात ढकलून द्यायची. तळ्यात तळाची भरडी राखही येऊन मिसळते, थरागणिक प्रत बदलते, ओल सुटता सुटत नाही. हॉपरमध्ये सिमेंटची भावंडं म्हणून मिरवलेले काचेचे गोळे तळ्यात पोचेपर्यंत गाळ झालेले असतात. माल की कचरा, हे त्या एका झडपेवर ठरतं. त्या दिवसापासून ‘राखेची समस्या’ हा शब्दप्रयोग तिला खटकतो. तिच्या मते समस्या राखेला चुकीच्या वेळी दिलेल्या पाण्याची आहे.

अशा तळ्यांची किंमत गावं मोजतात. उन्हाळ्यात वाळलेली राख वाऱ्यावर उठते, घरात, धुण्यावर, कापसावर बसते. पावसाळ्यात बांधावर ताण येतो. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी नदीनाल्यांतून कन्हान नदीपर्यंत गेलं. नागपूर शहराला त्याच नदीचं पाणी मिळतं.

देशभरचं चित्र मात्र हललं आहे. 1996-97 मध्ये देशात 6 कोटी 89 लाख टनांच्या आसपास राख तयार झाली आणि जेमतेम 10 टक्के वापरली गेली. 2021-22 मध्ये 27 कोटी टनांहून अधिक राख झाली आणि वापर 95 टक्क्यांवर गेला. यामागे 1999 पासूनच्या सरकारी अधिसूचना आहेत. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनं तर पूर्ण 100 टक्के वापर बंधनकारक केला. या आकड्यांचा तिला आनंद आहे, पण त्यांत खाणींचे खड्डे आणि सखल जमिनी भरायला गेलेली राखही मोजलेली असते. खड्डा भरणं आणि सिमेंट वाचवणं हे एकाच रकान्यात बसवलेलं तिला पटत नाही. खड्ड्यात गेलेली राख जागा भरते. सिमेंटच्या जागी गेलेली राख चुनखडी डोंगरातच राहू देते.

चुनखडीचा हिशोब शाळेच्या रसायनशास्त्रात बसतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इंधन कितीही स्वच्छ वापरा, हे 44 किलो दगडातूनच सुटतात. शिवाय भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवायची, तिचा धूर वेगळाच. म्हणून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, कमी वापरणं हाच सिमेंटमधला सरळ मार्ग, आणि राख ती जागा घेऊ शकते. राखेतली सिलिका एकटी काही धरून ठेवत नाही. पण सिमेंट पाण्याशी भिडताना जो चुना मोकळा सुटतो, त्याला ही सिलिका पकडते आणि त्यातून नवा चिकट पदार्थ तयार होतो. एरवी तो चुना काँक्रीटचा कमकुवत दुवा असतो. राख त्याचाच सांधा करते.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. जुने गवंडी चुन्याच्या घाणीत भाजक्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालत. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख घालत. सुरखी, ज्वालामुखी आणि बॉयलर या तिन्हींत एकच गोष्ट घडलेली असते: माती आगीतून गेलेली असते आणि तिला चुन्याची ओढ लागलेली असते.

प्रवरेच्या खोऱ्यात जुन्या दगडाचं आणि राखेच्या काँक्रीटचं अशी दोन युगं शेजारी शेजारी दिसतात. खाली भंडारदऱ्याचं 1926 साली पूर्ण झालेलं दगडी धरण आहे. आणखी वर, सह्याद्रीच्या कड्यावर, घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. रात्री वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज करायची. या प्रकल्पाची धरणं भारतातली पहिली रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची धरणं, आणि त्यांतल्या सिमेंटी मालात निम्म्याहून जास्त वाटा राखेचा आहे. हे काँक्रीट ओतत नाहीत. डंपरनं टाकायचं, डोझरनं पसरायचं आणि रस्त्यासारखं रोलर फिरवून थरावर थर दाबायचा. एवढ्या जाड काँक्रीटचा शत्रू असतो त्याच्या पोटातली उष्णता. सिमेंट घट्ट होताना तापतं, बाहेरची बाजू आधी निवते आणि भेगा पडतात. राख सावकाश काम करते, म्हणून पोट कमी तापतं. इमारतीच्या कंत्राटदाराला जो मंदपणा छळतो, तोच धरणाला हवा असतो.

हा मंदपणा साइटवर समजावणं हेच तिचं खरं काम. गाडी पोचते, माल चार हात दूर सरकवायचा असतो, आणि मुकादम हमखास विचारतो, “मॅडम, माल लई घट्ट आलाय. दोन बादल्या पाणी मारू का?” ती सांगते, “मामा, पाणी नाही. पाच मिनिटं थांबा, मी औषध टाकून फिरवते.” औषध म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन. त्या दोन बादल्या माल सरकवतात खऱ्या, पण कामाला न आलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं.

आणि जिथे पाणी हवं तिथे ते मिळत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन मे महिन्यात, सिन्नरकडच्या एका गोदामाची जमीन तिच्या प्लांटच्या राखयुक्त काँक्रीटनं भरली गेली. ताकद तपासायचे 28 दिवसांचे क्यूब उत्तम फुटले, अहवालावर तिची सही झाली. महिन्याभरात निरोप आला की जमिनीवर हात फिरवला तर तळहात पांढरा होतो. ती जाऊन बसली, नखानं खरवडून पाहिलं, भुकटी सुटत होती. चौकशीत कळलं की पाण्याचा टँकर तीन दिवस आला आणि मग बंद झाला. तिचे क्यूब 28 दिवस टाकीत बुडालेले होते आणि जमीन चौथ्या दिवसापासून उन्हात कोरडी पडली होती. चुना आणि सिलिका यांची गाठ पाण्याशिवाय बसत नाही, आणि राखेला ती बसवायला वेळ जास्त लागतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, हे स्पष्ट लिहिलं आहे: साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी, राखेसारखा पदार्थ असेल तर किमान 10 दिवस, आणि शिफारस 14 दिवसांची. वरचा थर घासून पुन्हा करावा लागला. तिच्या लेखी ती चूक टँकरवाल्याची नव्हती. माल मंद आहे हे चलनावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि ते लिहिणं तिचं काम होतं.

तेव्हापासून तिच्या प्लांटच्या प्रत्येक चलनावर मराठीत ठळक ओळ असते: या मालाला 14 दिवस पाणी. आणि तिनं एक जास्तीचा खटाटोप सुरू केला. टाकीत ठेवायच्या क्यूबांबरोबर तीन क्यूब ती साइटवरच ठेवते, स्लॅबच्या कडेला, त्याच गोणपाटाखाली. स्लॅबला जेवढं पाणी मिळेल तेवढंच त्यांना.

यंदाच्या उन्हाळ्यात एका शाळेचा स्लॅब भरला गेला. कडेनं मातीची आळी घालून त्यावर पाणी साठवलं होतं. नवव्या दिवशी विहीर आटली म्हणून मुकादमाचा फोन आला, तेव्हा तिनं प्लांटचं धुण्यापुरतं पाणी मागे ठेवून उरलेला टँकर तिकडे पाठवला. चौदावा दिवस भरला. साइटवरचे तीन क्यूब अजून गोणपाटाखाली आहेत आणि त्यांचे तीन सोबती टाकीत. सहाही 56 व्या दिवशी एकाच यंत्रावर, एकाच सकाळी फोडायचे आहेत. तिनं वहीत तारीख लिहून ठेवली आहे.